जुनी फाइल दुरुस्त करायची की नवी उघडायची? मुलुंडच्या एका घराच्या हिशेबाचं प्रकरण

मुलुंड पूर्वेला राहणारं चौघांचं घर. माझी आतेबहीण, जिला मी ताईच म्हणतो, अनुदानित शाळेत शिक्षिका. भावोजी बीकेसीतल्या एका खासगी कंपनीत. मुलगी अकरावीत. आणि भावोजींचे वडील, अण्णा, बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले. दोन पगार, एक पेन्शन, एक गृहकर्ज, दोन क्रेडिट कार्डं, तीन एसआयपी (म्युच्युअल फंडांत दरमहाची ठरावीक गुंतवणूक), ताईचं पीपीएफ आणि ताईचीच एक भिशी. मुंबईतल्या बहुतेक नोकरदार घरांत थोड्याफार फरकाने हेच असतं, म्हणून हे प्रकरण लिहून काढतो आहे. आकडे बदलले आहेत, गणित तेच ठेवलं आहे.

जानेवारी 2025 मध्ये ताईचा फोन आला. "अरे, ह्यांच्या त्या कॉम्प्युटरवरच्या हिशेबाचं काहीतरी कर. नवीन वर्ष आहे, सगळं पहिल्यापासून सुरू करू." त्याच संध्याकाळी भावोजींचा वेगळा फोन आला. त्यांना पहिल्यापासून सुरू करायचं नव्हतं, आहे तेच दुरुस्त करायचं होतं. अण्णांचं मत तिसरंच होतं: सॉफ्टवेअर हवंच कशाला, त्यांची रोजमेळाची डायरी चाळीस वर्षं चालू आहे.

जुन्या फाइलची अवस्था

भावोजींनी 2019 मध्ये ग्नूकॅश बसवलं होतं. हे फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर, 1998 पासून चालत आलेलं. दुहेरी नोंद पद्धतीवर चालतं, म्हणजे पैसा कुठून गेला आणि कुठे गेला हे दोन्ही सांगितल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि भांडवल अशी खात्यांची पाच घराणी. ज्याने कधी कीर्द-खतावणी पाहिली आहे त्याला यात नवीन काही नाही.

सॉफ्टवेअरची निवड चांगलीच होती. वापर मात्र फार उत्साहाने झाला होता. एकूण 94 खाती. त्यात "रिक्षा", "रिक्षा-स्टेशन" आणि "रिक्षा-शाळा" ही तीन वेगळी. "बाहेरचं खाणं" वेगळं, "बाहेरून मागवलेलं खाणं" वेगळं, आणि त्याशिवाय "वडापाव" नावाचं एक स्वतंत्र खातं, ज्यात वर्षाला पाच-सहा नोंदी. दर नोंदीला खातं निवडताना दोनदा विचार करावा लागला की माणूस थकतोच. 2024 च्या गणपतीच्या आधी नोंदी थांबल्या त्या थांबल्याच.

दुसरं दुखणं खोल होतं. एखाद्या नोंदीची दुसरी बाजू रिकामी सोडली तर ग्नूकॅश ती रक्कम गुपचूप "इम्बॅलन्स-आयएनआर", म्हणजे न जुळलेले रुपये, नावाच्या खात्यात टाकतं. ते खातं उघडून पाहिलं तर आत दोन लाखांच्या वर रक्कम साचलेली. बँकेच्या मुख्य खात्याची फाइलमधली शिल्लक आणि स्टेटमेंटवरची शिल्लक यांत 18,460 रुपयांचा फरक. हा फरक अमुक महिन्यात पडला असं बोट ठेवून सांगता येत नव्हतं, कारण पाच वर्षांत रिकन्साइल, म्हणजे फाइलचा बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा, एकदाही केलेलं नव्हतं.

आणि क्रेडिट कार्डं. कार्डावरची खरेदी खर्चात टाकलेली होतीच, शिवाय महिन्याच्या बिलाचा भरणाही "कार्ड बिल" या नावाने खर्चातच टाकलेला. म्हणजे तोच मिक्सर दोनदा विकत घेतलेला. वर्षअखेरीचा खर्च पाहून ताई घाबरली होती आणि त्यावरून घरात बरीच बोलाचालीही झाली होती, ती निम्मी तरी या दुहेरी मोजणीमुळे.

दुसरे पर्याय

एसएमएस वाचून खर्च मांडणारी ॲप ताईने वापरून पाहिली होती. त्यांना रोख दिसत नाही, भिशी दिसत नाही, आणि आता सगळे एसएमएसही येत नाहीत. एका मोठ्या खासगी बँकेने 2024 मध्ये 100 रुपयांखालच्या यूपीआय पेमेंटचे एसएमएस बंदच केले. अकाउंट अ‍ॅग्रिगेटर ही व्यवस्था 2021 पासून सुरू आहे, तुमच्या संमतीने वेगवेगळ्या बँकांची माहिती एका ठिकाणी आणते, आणि चांगली आहे. पण ती माहिती आणते, हिशेब लावत नाही. एक्सेलमध्ये सगळं करता येतं, चूकही बिनबोभाट करता येते. भावोजींच्या हाताला ग्नूकॅशची सवय होती, तेव्हा सॉफ्टवेअर बदलण्यात अर्थ नव्हता.

राहिला प्रश्न फाइलचा. माझं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं: जुना फरक शोधायचा नाही. 18,460 रुपये आज कुणाच्या खिशात नाहीत आणि कुणाकडून येणंही नाहीत, तो नोंदींचा फरक आहे. तो शोधायला पाच वर्षांची स्टेटमेंटं तपासायची, म्हणजे नव्या वर्षाचा सगळा उत्साह मागच्या वर्षांवर खर्च करायचा. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. "पाच रुपयांचा फरक असला तरी आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसायचो," असं ते म्हणाले. ते खरंच आहे, पण तेव्हा काउंटरवर लोकांचे पैसे होते आणि फरक त्याच दिवशीचा असायचा. त्याच दिवशीचा फरक सापडतो. पाच वर्षांपूर्वीचा सापडला तरी हाती काय येणार?

तेव्हा ठरलं ते असं: जुनी फाइल बंद, पुसायची नाही. तिच्या नावात सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष घालून ती पेन ड्राइव्हवर ठेवली. 2021 मध्ये फ्रिज कितीला घेतला हे पाहायला ती पुरेशी आहे.

जानेवारी, पाडवा की एप्रिल

ताईला 1 जानेवारी हवा होता, आणि जानेवारी अर्धा उलटल्यावरही ती मागच्या तारखेने सुरू करायला तयार होती. मी एप्रिलच्या बाजूचा. फॉर्म 16 (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचं प्रमाणपत्र), बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, गृहकर्जाचं प्रमाणपत्र, प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहितीपत्रक म्हणजे एआयएस, हे सगळं एप्रिल ते मार्च येतं. पीपीएफचं व्याज 31 मार्चलाच जमा होतं. जानेवारीपासून लिहिलेल्या फाइलमधूनही तारखा घालून एप्रिल-मार्चचा अहवाल काढता येतो, पण पहिल्या वर्षी आधीचे नऊ महिने त्यात नसतातच, आणि नेमकं त्याच वर्षी आकडे कागदांशी जुळवून पाहण्याची खरी गरज असते.

अण्णांनी इथे मध्येच सांगितलं की एकेकाळी व्यापाऱ्यांना दिवाळी ते दिवाळी वर्ष धरता यायचं. बरोबर आहे, करनिर्धारण वर्ष (ज्या वर्षी आधीच्या वर्षाच्या कमाईवरचा कर ठरतो ते) 1989-90 पासून सगळ्यांना एप्रिल-मार्च लागू झालं. पगारदाराला मात्र तशी मुभा कधीच नव्हती.

2025 चा गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी आला, आणि वाद आपोआप मिटला. फाइल पाडव्याला तयार करायची, सुरुवातीच्या शिलका 31 मार्चच्या तारखेने घालायच्या, पहिली खरी नोंद 1 एप्रिलची. मधला काळ वाया जाऊ नये म्हणून फेब्रुवारी महिन्याची एक रंगीत तालीम केली: वेगळी कच्ची फाइल, एका महिन्याच्या नोंदी, मग ती टाकून द्यायची. या तालमीचा उपयोग पुढे सांगतो.

नवी फाइल करताना एक छोटी युक्ती. ग्नूकॅशच्या फाइल मेनूत, एक्सपोर्टखाली, नोंदी सोडून फक्त खात्यांचा सांगाडा वेगळ्या फाइलमध्ये काढता येतो. तो आधी काढायचा आणि छाटणी मग नव्या फाइलमध्ये करायची. नोंदी असलेलं खातं काढायला गेलं की त्या नोंदींचं काय करू, असे प्रश्न येतात. रिकामं खातं पटकन जातं. 94 ची 31 खाती झाली. तिन्ही रिक्षांचा "प्रवास" झाला. वडापाव "बाहेरचं खाणं" मध्ये गेला, त्यावर भाचीने नाराजी नोंदवली. खात्यांची नावंही मराठीत केली, कारण "मिसलेनियस" मध्ये काय जातं हे घरात प्रत्येकाच्या मते वेगळं होतं.

सुरुवातीच्या शिलका

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. बँकेची खाती सोपी, स्टेटमेंटवरचा 31 मार्चचा आकडा उचलायचा. बाकीच्यांत मात्र मजा आहे.

क्रेडिट कार्डाचं देणं म्हणजे शेवटच्या बिलाचा आकडा नव्हे. भावोजींच्या कार्डाचं बिल 18 तारखेला निघतं. मार्चचं बिल 23,640 चं, ते अजून भरलेलं नव्हतं. पण 19 ते 31 मार्चमध्ये आणखी 9,215 ची खरेदी झालेली. 31 मार्चला देणं 32,855. बिलाचाच आकडा घातला असता तर ही 9,215 ची खरेदी जुन्या फाइलमध्येही नसती आणि नव्यातही नाही, आणि एप्रिलच्या बिलाशी ताळा करताना पहिल्याच महिन्यात पुन्हा फरक. नव्या वर्षाच्या नव्या फाइली पहिल्याच महिन्यात का सोडल्या जातात, याचं मला वाटतं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

म्युच्युअल फंडात उलटी चूक होऊ शकते. एका फंडाची 31 मार्चची बाजारभावाने किंमत 3,86,000, प्रत्यक्षात गुंतवलेले 2,40,000. मोह होतो मोठा आकडा घालण्याचा, कारण तो ॲपवर ठळक दिसतो. पण सुरुवातीची नोंद युनिट आणि खरेदीची किंमत यांचीच हवी, बाजारभाव नंतर भावाच्या तक्त्यात जातो. नाहीतर पुढे कधी विकलं तर 1,46,000 चा नफा हिशेबातून गायब. इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर 12.5 टक्के कर आहे, तेव्हा हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अर्थात विवरणपत्र भरताना फंडाच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडचं भांडवली नफ्याचं स्टेटमेंटच वापरायचं, घरची फाइल नव्हे.

भिशीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो वेळ चांगला गेला.

ताईच्या शाळेतल्या बाराजणींची भिशी. दरमहा दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार. ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली, ताईची चिठ्ठी जानेवारीत निघाली. आधीच्या वर्षांच्या भिशीचं भावोजींनी काय केलं होतं? दरमहा दोन हजार "ताईचा खर्च", आणि चिठ्ठी निघाली त्या महिन्यात चोवीस हजार "इतर उत्पन्न". म्हणजे ताई बारा महिने उधळी आणि एक महिना कमावती. ताईला हे त्या दिवशी स्क्रीनवर पहिल्यांदा दिसलं. भावोजी चहा करायला आत गेले.

भिशीत उत्पन्नही नाही आणि खर्चही नाही. चिठ्ठी निघेपर्यंत ते आपलं येणं असतं, निघाल्यावर देणं. 31 मार्चपर्यंत ताईने सहा हप्ते भरले होते, बारा हजार. मिळाले होते चोवीस. उरलेले सहा हप्ते, बारा हजार, हे देणं. नव्या फाइलमध्ये "भिशी" हे खातं देण्यांच्या घराण्यात बारा हजारांनी उघडलं आणि सप्टेंबरच्या हप्त्याला शून्यावर आलं. अण्णांनी तेवढ्यासाठी चष्मा लावून स्क्रीन पाहिली.

घराचं काय करायचं हाही प्रश्न आला. गृहकर्जाची 31 मार्चची बाकी 31,42,000 देण्यांत घातली आणि सॉफ्टवेअरने कुटुंबाची निव्वळ संपत्ती लाखांनी उणे दाखवली. ताईचा चेहरा पडला. कर्ज लिहायचं तर घरही लिहायलाच हवं. करारातली किंमत आणि मुद्रांक शुल्क धरून ते घातलं. आजच्या बाजारभावाने घालू नका असा माझा आग्रह असतो, राहतं घर विकणार कोण आहे? दागिने लिहिले नाहीत. ताई नको म्हणाली, विषय संपला.

पहिले काही महिने

फेब्रुवारीच्या तालमीत एक गोष्ट कळली होती: भावोजींच्या बँक स्टेटमेंटवर महिन्याला दीडशेच्या वर ओळी, आणि त्यातल्या बहुतेक दहा, वीस, पन्नास रुपयांच्या यूपीआयच्या. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीचा क्यूआर कोड कुणा माणसाच्या नावावर, भाजीवालीचा तिच्या मुलाच्या नावावर. महिन्याभराने ती नावं वाचून कोण कोण ते आठवत नाही. बँकेकडून मिळणारी सीएसव्ही, म्हणजे स्टेटमेंटची तक्त्याची फाइल, आयात केली तर ओळी येतात, ग्नूकॅश हळूहळू शिकून खातंही सुचवतं, पण अनोळखी नावांपुढे तेही हात टेकतं.

उपाय सॉफ्टवेअरच्या बाहेर सापडला. भावोजींनी फोनवर यूपीआय लाइट सुरू केलं. त्यात 5,000 पर्यंत रक्कम ठेवता येते, एका वेळी 1,000 पर्यंत पिनशिवाय जाते, आणि बँक स्टेटमेंटवर फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची ओळ येते. चहा, रिक्षा, कोथिंबीर यांच्या ओळी येतच नाहीत. दोन हजार भरले की ते सरळ "हातखर्च". दीडशे ओळींच्या साठ झाल्या. अण्णांचा आक्षेप रास्त होता: महिनाअखेरीला लाइटमध्ये चारशे रुपये पडून असतील तर ते खर्च कसे? नाहीतच. पण त्यासाठी आणखी एक खातं सांभाळण्यापेक्षा चारशे रुपयांची अशुद्धता चालेल, असं मी म्हणालो. त्यांनी मान्य केलं नाही, पण सोडून दिलं.

रोखीसाठी मात्र अण्णाच उपयोगी पडले. कामवाली बाई, पेपर, दूध, देवळातली दक्षिणा, सगळं त्यांच्या हातून जातं आणि डायरीत उतरतं. महिनाअखेरीला भाची डायरीतल्या बेरजा विचारते आणि पाच-सहा नोंदी करते. रोज टाइप करण्याची कुणालाच गरज पडली नाही.

बँकेच्या खात्यांचा नियम कडक ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिकन्साइल. खिडकी उघडली की स्टेटमेंटची तारीख आणि शेवटची शिल्लक विचारते, मग एकेक नोंद टिक करत जायची, खालचा फरक शून्य झाला की संपवायचं. शून्य झाल्याशिवाय उठायचं नाही. मे महिन्यात 354 रुपयांसाठी भावोजी अडले, ते निघाले लॉकरच्या भाड्यासोबत कापलेलं कसलंसं शुल्क. त्याच महिन्यातलं असल्यामुळे अर्ध्या तासात सापडलं.

खरी अडचण जुलैत आली. गृहकर्जाचा हप्ता 34,500. भावोजींनी बँकेच्या तक्त्याप्रमाणे व्याज आणि मुद्दल वेगळं करून ग्नूकॅशच्या शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप पडणाऱ्या नोंदींत, वर्षभराचं लावून टाकलं होतं. एप्रिलला व्याज 22,256 आणि मुद्दल 12,244, जूनला 22,082 आणि 12,418, असं बरोबर चाललं होतं. पण 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तिन्ही वेळी उतरवला, एकूण एक टक्का. यांचं कर्ज रेपोशी जोडलेलं, दर तीन महिन्यांनी दर बदलणारं. फेब्रुवारीची कपात धरून एप्रिलला 8.50 होता तो जुलैपासून 7.75 झाला. हप्ता बँकेने तेवढाच ठेवला, मुदत कमी केली. जुलैचं खरं व्याज 20,053, आणि फाइलमध्ये आपोआप पडलेलं 21,994. बँक खात्याचा ताळा बरोबर, कारण गेले ते 34,500 च. चूक दिसते ती फक्त कर्जाच्या खात्याचं स्टेटमेंट समोर ठेवलं तर, आणि ते कुणी मागवत नाही. भावोजींनी सप्टेंबरअखेरीला मागवलं म्हणून कळलं. आता हप्त्याची नोंद आपोआप पडते ती पूर्ण कर्जखात्यात, आणि व्याज दर तिमाहीला बँकेच्या आकड्यावरून वेगळं टाकलं जातं.

आज कुठे आहे

जानेवारी 2026 पर्यंत फाइल चालू आहे. इम्बॅलन्सचं खातं रिकामं आहे. दोनदा रिकन्साइल राहून गेलं, दिवाळीत आणि भाचीच्या परीक्षेच्या वेळी, ते पुढच्या महिन्यात एकत्र झालं. बजेटचा भाग कुणी उघडलेलाच नाही, आणि मी सुचवलेलाही नाही. खर्च कुठे होतो हे एक वर्ष नुसतं पाहू द्यावं, मर्यादा नंतर.

ताईने परवा विचारलं की आता 1 एप्रिल 2026 ला पुन्हा नवी फाइल करायची का? त्या दिवसापासून नवा प्राप्तिकर कायदाही लागू होतो आहे, कायद्यातलं "मागचं वर्ष" (कमाईचं वर्ष) आणि करनिर्धारण वर्ष जाऊन एकच "कर वर्ष" येतं आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. नको. एप्रिल-मार्च तेच आहे आणि ग्नूकॅशला दर वर्षी नवी वही लागत नाही, अहवालाला तारखा घातल्या की वर्ष वेगळं दिसतं. पुस्तकं बंद करण्याची, म्हणजे उत्पन्न-खर्चाची खाती शून्यावर आणण्याची, सोय टूल्स मेनूत आहे, पण घरासाठी तिची गरज नाही. 31 मार्चला पीपीएफचं व्याज टाकायचं, कार्डांचं न निघालेल्या बिलासकट देणं तपासायचं आणि फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढायची. पेन ड्राइव्ह अण्णांच्या कपाटात असतो, डायऱ्यांच्या गठ्ठ्याशेजारी.